मागे पडणाऱ्या मुलाची बालवाडी कोणती?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की वस्त्यावस्त्यांतून नर्सरीचे फ्लेक्स लागतात. नळाच्या रांगेच्या वर, समाजमंदिराच्या भिंतीवर, काही ठिकाणी तर विहाराच्या कुंपणावरसुद्धा. हसणारी गोरी मुले, मोठ्या अक्षरांत 'इंग्लिश मीडियम' आणि खाली हप्त्यांची सोय. बापाने रिक्षा चालवून आणि आईने चार घरची धुणीभांडी करून साठविलेला पैसा पहिल्या हप्त्यात जातो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यातील काही आईबापांना शाळेतून बोलावणे येते. तुमचा मुलगा बोलत नाही. एका जागी बसत नाही. दुसऱ्या मुलांना चावतो. त्याच्यासाठी वेगळी शाळा बघा. ही वेगळी शाळा कोठे आहे, तिथे कोण शिकवितो, किती पैसे लागतात, हे मात्र कोणी सांगत नाही. भरलेला हप्ता परत मिळत नाही आणि मूल घरी बसते. सहाव्या वर्षी त्याला महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या पहिलीत घातले जाते आणि पहिल्याच चाचणीत ते 'ढ' ठरते. पुढची गोष्ट आपल्या समाजाला पाठ आहे.

कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती रखडते आहे, कंत्राटी भरतीने आरक्षण पोखरले आहे, सरकारी शाळा बंद पाडल्या जात आहेत, आणि अशा वेळी तीन वर्षांच्या पोराच्या बालवाडीचा प्रश्न आंबेडकरी चळवळीने कशाला घ्यावा? आम्ही उलट विचारतो. आरक्षणाची जागा कोणाच्या वाट्याला येते? जो दहावी, बारावी ओलांडून तिथपर्यंत पोचतो त्याच्या. जो पहिली-दुसरीतच मागे पडला, त्याच्यापर्यंत आरक्षण पोचतच नाही. आपल्या समाजातील एक भाग शिकला, नोकरीला लागला, कॉलनीत राहायला गेला. दुसरा भाग वस्तीतच राहिला. या दोन भागांतील अंतर कॉलेजात पडत नाही, ते तिसऱ्या आणि सहाव्या वर्षाच्या मध्ये पडते. आणि त्यातही जे मूल उशिरा बोलते, ज्याला नीट ऐकू येत नाही, ज्याचे हात-पाय वेळेवर चालत नाहीत, ज्याला इतर मुलांत मिसळताच येत नाही, ते तर मोजणीतसुद्धा येत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ती अमलात आणली. बाबासाहेबांनी घटनेत काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व होते. त्याला वयाची वरची मर्यादा होती, खालची नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत हे कलम चर्चेला आले तेव्हा ते केवळ प्राथमिक शिक्षणापुरते ठेवावे अशी दुरुस्ती सुचविण्यात आली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा मुद्दा असा होता की, चौदा वर्षांखालील बालकाला कामाला लावण्यास घटना मनाई करीत असेल, तर त्या वयापर्यंत ते बालक कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत असलेच पाहिजे.

आता पुढे काय झाले? १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. त्यानंतर २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिचे मोठे कौतुक झाले. शिक्षण मूलभूत हक्क झाले म्हणून पेढे वाटले गेले. परंतु या दुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा वयाच्या मुलांना. सहा वर्षांखालचे मूल हक्कातून बाहेर काढून पुन्हा ४५ व्या कलमात ठेवण्यात आले आणि त्याच्यासाठी राज्य 'प्रयत्न करील' एवढेच लिहिले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमातही तीन ते सहा वयाच्या मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन 'करू शकेल' असे आहे. 'करील' नव्हे, 'करू शकेल'. २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा आला, २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी झाली, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, वाचा-भाषा दोष, विदर्भातील आपल्या घरांना परिचित असलेला सिकलसेल, हे सारे त्यात आले. त्याच्या ३१ व्या कलमानेही मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो सहा ते अठरा वर्षांच्याच मुलाला. म्हणजे अडखळणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीचा हक्क ना एका कायद्याने दिला, ना दुसऱ्याने. ज्या वयात मदत सर्वांत जास्त उपयोगी पडते, नेमके तेच वय दोन्ही कायद्यांनी सोडून दिले.

एक फट आहे. ज्या खाजगी शाळेत पहिलीच्या आधीचे वर्ग आहेत, तिथे शिक्षण हक्क कायद्याच्या १२ व्या कलमातील पंचवीस टक्के जागांची तरतूद त्या वर्गांनाही लागू होते. त्यात अनुसूचित जाती-जमातीची मुले येतात आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग मुलेही येतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा आहे तिला या जबाबदारीतून मोकळे केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. याच कायद्याच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाळणी करण्यास बंदी आहे. ही कलमे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असली पाहिजेत. तरीही आम्ही स्पष्ट सांगतो, ही फट आहे, दरवाजा नव्हे. प्रवेश मिळाला म्हणजे मूल तिथे टिकेल असे नाही.

मूळ प्रश्नाकडे येऊ. मूल मागे पडते म्हणजे नेमके काय होते? येथे दोन चुका होतात, आणि दोन्ही आपल्याच मुलांना भोवतात.

पहिली चूक शाळेची. गरिबी, भाषा आणि जात यांनाच बुद्धीचा दोष समजण्याची. घरात 'मले भूक लागली' म्हणणारे मूल नर्सरीत गेल्यावर त्याला लघवीला जायचे तर इंग्रजी वाक्य पाठ म्हणावे लागते. ते म्हणता येत नाही, चड्डी ओली होते, मुले हसतात, आणि बाई वहीत शेरा लिहितात. मूल दुसऱ्या दिवसापासून तोंड उघडत नाही. यात मुलाचा काय दोष? पारध्याचे, वडाराचे, कैकाड्याचे मूल तर मराठीसुद्धा दुसरी भाषा म्हणून शिकते. गोंडी, कोरकू बोलणाऱ्या मुलाचे तेच. त्यात अंगात रक्त कमी, पोटात सकाळपासून चहा-बटर. असे मूल सुस्त बसणार नाही तर काय करणार? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना घरून गोणपाट नेऊन वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागत होते, शिपाई नसला की तहानलेले राहावे लागत होते. आजच्या एखाद्या तज्ज्ञाने त्या मुलाकडे वर्गाच्या दारातून पाहिले असते, तर 'मूल इतरांत मिसळत नाही' एवढेच टिपून तो पुढे गेला असता.

दुसरी चूक घरची. जिथे खरोखर अडचण आहे, तिथेही ती नाकारण्याची. 'होईल बोलायला, त्याचा चुलताही पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.' 'पोरगं जरा लाडात वाढलंय.' यात दोन-तीन वर्षे जातात. मग कोणी तरी देवऋषाकडे नेते, गंडा बांधते, अंगारा लावते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतून हे घडते, हे लिहिताना आम्हाला खेद होतो, परंतु घडते. आणि सगळा ठपका शेवटी आईवर येतो. गरोदरपणी ग्रहणात बाहेर गेली असेल, काही तरी खाल्ले असेल, तिच्या माहेरी असे कोणी असेल. सासू बोलते, नवरा बोलतो, आणि ती बाई मूल लपवायला लागते. पाहुण्यांसमोर आणत नाही, लग्नकार्यात नेत नाही. जे मूल लोकांत वावरले तर चार शब्द शिकले असते, ते घराच्या आतल्या खोलीत वाढते.

या दोन चुकांत फरक कसा करायचा? डॉक्टरी तपासणीला पर्याय नाही. पण आईबापांना आणि अंगणवाडीताईंना लगेच करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. मूल घरात, स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या भावंडांत कसे वागते ते पाहावे. घरी दिवसभर बडबडणारे, भांडणारे, खोटे बोलून खाऊ मागणारे मूल शाळेतच मुके होत असेल, तर आधी त्या शाळेत काय चालते ते तपासले पाहिजे. घरीही मुके असेल तर मुलाची तपासणी तातडीने झाली पाहिजे. वर्षाचे झाले तरी हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने वस्तू दाखवीत नाही, दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलायचे थांबले, तर एक दिवसही थांबू नये. सर्वांत आधी कान तपासावेत. ऐकू न येणारे कितीतरी मूल हट्टी, वेडसर, मतिमंद म्हणून हिणविले जाते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची वाचा व श्रवण संस्था १९८३ पासून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग असतो. खाजगी दवाखान्यात हजारो रुपये घालण्याआधी या जागा माहीत असाव्यात.

आता बालवाडी कोणती, हा प्रश्न.

आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता मांडतो. अडखळणाऱ्या लहान मुलासाठी, त्यातही आपल्या वस्तीतल्या मुलासाठी, पहिली योग्य जागा म्हणजे घराजवळची, आपल्या भाषेतली, कमी मुलांची आणि जीव लावणाऱ्या ताईची बालवाडी. मग ती अंगणवाडी असो, महापालिकेची असो की एखाद्या मंडळाने चालविलेली असो. हप्त्याची नर्सरी ही ती जागा नव्हे. कारण ती धंद्यासाठी उघडलेली आहे. तिचा निकाल म्हणजे चार वर्षांच्या मुलाने पालकसभेत म्हटलेली इंग्रजी कविता. जे मूल कविता म्हणणार नाही, ते तिच्या जाहिरातीला बाधा आणते, म्हणून ते नकोसे होते. बहुतेक नर्सऱ्यांतील शिक्षिकांना बालशिक्षणाचे प्रशिक्षणही नसते, पगार अंगणवाडीसेविकेच्या मानधनाहून फार वेगळा नसतो, आणि वर्षानुवर्षे त्यांच्यावर कोणत्याच खात्याचे नियंत्रण राहिले नाही. खाउजा धोरणाचे सर्वांत लहान गिऱ्हाईक कोण, असे विचारले तर आम्ही या तीन वर्षांच्या मुलाकडे बोट दाखवू.

याचा अर्थ आम्ही इंग्रजीच्या विरोधात आहोत असा कोणी काढू नये. आपल्या मुलांना इंग्रजी आलेच पाहिजे. मराठीचा पुळका आणून स्वतःची मुले परदेशी पाठविणाऱ्यांकडून आम्हाला मातृभाषेचे धडे नकोत. पण तीन वर्षांच्या मुलाला आधी बोलायला, ऐकायला, प्रश्न विचारायला यावे लागते, आणि ते त्याला येणाऱ्या भाषेतच येते. एका भाषेत पक्के बोलणारे मूल दुसरी भाषा लवकर उचलते. जे एकाही भाषेत बोलत नाही, त्याच्यावर दुसरी लादली तर दोन्ही जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी आमचे अनेक मतभेद आहेत आणि ते आम्ही याच पानावर मांडले आहेत. परंतु तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच टप्पा मानावा आणि तो शक्यतो घरच्या भाषेत असावा, हे त्यातील म्हणणे चुकीचे नाही. चुकीचे आहे ते पैशाशिवाय केलेले आश्वासन.

'अंगणवाडी' हा शब्द कोठून आला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गावातील मध्यवर्ती बालवाडीत अस्पृश्य वस्तीतील मुले येईनात. तेव्हा मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीनेच मुलांकडे गेले पाहिजे, असे ठरवून त्या वस्तीच्या अंगणात बालवाडी भरविण्यात आली. खेळायला शंख-शिंपले, बिया, दगड, माती, जे तिथे होते तेच. पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी पाड्यांवर हेच काम वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेण्यात आली. ताराबाईंची वैचारिक बैठक गांधीवादी होती, आमची ती नाही. पण सत्य आहे ते सांगितले पाहिजे. अंगणवाडी जन्माला आली ती वाड्यातल्या चौकात नव्हे, आपल्या लोकांच्या अंगणात. आणि तिच्या मागचे तत्त्व हेच होते की मूल व्यवस्थेत बसत नसेल तर व्यवस्था बदलावी.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. शब्द घेतला, पण तत्त्व किती घेतले? अंगणवाडीच्या सहा सेवा कागदावर आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. लोकांच्या लक्षात राहिली ती खिचडी आणि पाकिटे. महाराष्ट्रात आज एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि प्रत्येकीत एक सेविका, एक मदतनीस. सेविकेने मुलांना गाणी शिकवायची, वजने घ्यायची, गरोदर बायांच्या घरी जायचे, सर्वेक्षणे करायची, मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरायचा. काही गावांत निवडणुकीच्या याद्यासुद्धा तिच्याच डोक्यावर. आणि तिला कर्मचारी म्हणायला सरकार तयार नाही. ती 'मानसेवी', तिला पगार नाही, मानधन. ग्रॅच्युइटी मिळविण्यासाठी अंगणवाडीताईंना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, २०२२ साली निकाल मिळाला. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील ताईंनी संप केला तेव्हा आपल्या किती संघटना त्यांच्या मंडपात जाऊन बसल्या? या ताईंमध्ये आपल्या समाजातील विधवा, परित्यक्ता, दहावी-बारावी शिकलेल्या सुना मोठ्या संख्येने आहेत. मूल कोणाच्या मांडीवर बसणार आहे हा प्रश्न असेल, तर त्या मांडीची काळजी आधी घेतली पाहिजे.

अंगणवाडी कोठे आहे, हाही जातीचाच प्रश्न आहे. गावात ती मारुतीच्या देवळाशेजारी किंवा पाटलाच्या आळीत असेल, तर आपल्या वस्तीतील तीन वर्षांचे मूल एकटे तिथे जात नाही. आई मजुरीला गेलेली. चालता न येणारे मूल तर मुळीच जात नाही. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अनुसूचित जाती-जमातींच्या सर्व वस्त्यांत अंगणवाड्या व्हाव्यात यासाठी प्रयत्न करण्यास सांगितले, आणि १३ डिसेंबर २००६ रोजी त्याहून पुढे जाऊन, जिथे सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे असा आदेश दिला. किती वस्त्यांनी अशी मागणी केली? पुतळ्यासाठी, कमानीसाठी, समाजमंदिरासाठी निवेदने जातात. ती गेलीच पाहिजेत. पण अंगणवाडीसाठी गेलेले निवेदन शोधावे लागते.

आता अडखळणाऱ्या मुलांसाठी या व्यवस्थेत काय आहे ते पाहू. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्घाटन झाले. या कार्यक्रमात डॉक्टरांच्या फिरत्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा येऊन मुले तपासायची आहेत. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, आजार आणि वाढीतील विलंब या चार गोष्टी पाहायच्या आहेत. ज्या मुलात विलंब दिसेल त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे आहे. तिथे वाचा, श्रवण, भौतिकोपचार यांची सोय असली पाहिजे, तीही मोफत. अपंगांच्या कायद्याच्या २५ व्या कलमातही सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याचे बंधन शासनावर आहे. शिवाय २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने अंगणवाडीतील दिव्यांग मुलांसाठी एक कार्यपद्धती जाहीर केली. ताईने मुलातील लक्षणे ओळखायची, त्याला इतर मुलांबरोबर बसवायचे, घरच्यांना धीर द्यायचा आणि आशाताई व वैद्यकीय पथकाच्या मदतीने पुढे पाठवायचे, असे त्यात आहे. कागद चांगला आहे. आम्ही कागदाला नावे ठेवत नाही, बाबासाहेबांनी आपल्याला कागदावरच्या अक्षराची ताकद शिकविली आहे. पण जिल्ह्याचे ठिकाण पन्नास-साठ किलोमीटरवर, मूल कडेवर, आठवड्यातून दोनदा यायला सांगितलेले. प्रत्येक खेपेला आईची एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीचे भाडे जाते ते वेगळे. तिसऱ्या खेपेनंतर ती येत नाही, आणि केंद्राच्या रजिस्टरात 'पालक सहकार्य करीत नाहीत' अशी नोंद होते.

येथे शब्दाविषयी थोडे. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांना 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले आणि पुढे खात्यांची नावे बदलली. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. स्वतंत्र विभाग झाला हे चांगलेच. पण दिव्यत्वाचा टिळा लावून प्रश्न सुटत नसतो. 'हरिजन' म्हणवून घेण्याचा अनुभव ज्या समाजाने घेतला, आणि ते नाव ज्या समाजाने फेकून दिले, त्याला हे वेगळे सांगायला नको. मुलाला देवत्व नको, रॅम्प हवा, श्रवणयंत्र हवे आणि बसायला जागा हवी.

विशेष शाळेविषयी आमचे मत थोडे सावध आहे. सर्वच मुलांना सर्वसाधारण बालवाडीत घाला, असे सांगणे सोपे आहे, छानही वाटते. परंतु ज्या मुलाला मुळीच ऐकू येत नाही, त्याला खुणांची भाषा लवकरात लवकर मिळाली पाहिजे, आणि ती अंगणवाडीताईला येत नसते. ज्या मुलाला तीव्र स्वमग्नता आहे, त्याला चाळीस मुलांच्या गलक्यात बसविणे ही त्याची छळवणूक होऊ शकते. अशा मुलाला काही तास तज्ज्ञाकडे आणि काही तास वस्तीतल्या मुलांत, अशी दोन्ही सोय लागते. पण विशेष शाळा म्हणजे मूल टाकून देण्याची जागा होऊ नये. वेगळी शाळा, वेगळे पाणी, वेगळी पंगत, या शब्दांनी आपल्या अंगावर काटा येतो तो उगाच नव्हे. म्हणून कोणी मुलाला वेगळे काढायला सांगितले, तर तीन प्रश्न विचारल्याशिवाय हलू नये. कोणत्या तपासणीच्या आधारे सांगता? ती तपासणी मुलाच्या भाषेत झाली का? आणि मूल परत केव्हा येणार?

बालवाडी पाहायला जाताना आईबापांनी भिंतीवरची चित्रे पाहू नयेत. मूल रडते तेव्हा ताई काय करते ते पाहावे. जवळ घेते, की दाराबाहेर उभे करते? अर्धा तास बाहेर उभे राहून ऐकावे, आत मुलांचा आवाज जास्त आहे की बाईंचा? माती, पाणी, वाळू, ठोकळे मुलांच्या हातात पडतात का, की कपाटाला कुलूप आहे? चार वर्षांच्या मुलाला रेषांच्या वहीत अक्षरे गिरवायला लावणारी शाळा आम्हाला मान्य नाही. बोटांत बळ येण्याआधी पेन्सिल दिली की मूल पेन्सिलीचाच द्वेष करते. शौचालय कोठे आहे आणि तिथे कोण नेते, हे विचारायला लाजू नये. आईला पहिले काही दिवस आत बसू देतात का? आमच्या माहितीत एका शहरातील नर्सरी आहे, तिथे पालकांना फाटकाच्या आत पाऊल ठेवता येत नाही आणि त्याला शिस्त म्हणतात. आणि शेवटी, मागच्या भिंतीशी कोण बसले आहे ते पाहावे. प्रत्येक वर्गात मागच्या भिंतीशी कोणी तरी बसलेले असते. ते कोणाचे मूल आहे, यावरून त्या शाळेची जात कळते.

ऊसतोड कामगारांचा उल्लेख केल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. बीड-जालन्याकडील हजारो कुटुंबे दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांच्या मुलांची अंगणवाडीतील नोंद गावात, मूल फडात. ज्या मुलाची तपासणी जानेवारीत व्हायची, ते तेव्हा कारखान्याच्या तळावर पाचटात खेळत असते. त्याला कोणी शोधत येत नाही.

मग चळवळीने काय करावे? आपल्याकडे विहारे आहेत. गावोगावी, वस्तीवस्तीत, लोकवर्गणीतून बांधलेली. रविवारी वंदना होते, जयंतीला आणि वर्षावासात गर्दी होते, बाकी दिवस कुलूप असते. सकाळी तीन तास ती जागा बालवाडीला दिली तर काय बिघडेल? स्वच्छ फरशी, पाणी, अंगण, सगळे तिथे आहे. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. मिलिंद आणि सिद्धार्थ महाविद्यालये त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आली. त्या काळात शाळेपर्यंत पोचलेल्या मुलाला टिकवायचे होते, म्हणून वसतिगृह. आज शाळेपर्यंत पोचण्याआधीच मूल गळते, म्हणून बालवाडी. प्रत्येक विहाराने शाळाच काढावी असे आम्ही म्हणत नाही. जिथे अंगणवाडी भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत भरते, तिथे विहार समितीने ठराव करून जागा द्यावी. पुजेचे साहित्य हलवावे लागेल, मुले फरशीवर सांडतील, याला कोणी हरकत घेऊ नये. मात्र जागा सर्व जातींच्या मुलांना खुली असावी. तशी ती असेल तर गावातील इतरांची मुले येतात की नाही, तेही एकदा कळेल.

आपल्या समाजात आज डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, मानसशास्त्र शिकलेल्या मुली आहेत. जयंतीला रक्तदान शिबिरे होतात. त्याच मंडपात सहा वर्षांखालील मुलांची कान-डोळे तपासणी ठेवता येते. नोकरदारांनी एका मुलाचे जिल्ह्याला जाण्या-येण्याचे भाडे आणि आईची बुडालेली मजुरी एवढी जबाबदारी घेतली, तरी एक मूल उपचारात टिकते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. वस्तीतील किती घरांनी तिचे नाव ऐकले आहे? कार्यकर्त्याने हातात यादी घेऊन घरोघर जावे. बाहेर खेळणारी मुले मोजून परत येऊ नये, आतल्या खोलीत कोणी आहे का तेही विचारावे. हे विचारण्याचे काम बायांचे मंडळ जास्त चांगले करील, कारण त्या आईशी दुसरी बाईच बोलू शकते.

आणि जिथे अंगणवाडीच नाही, तिथे सहा वर्षांखालील मुलांची नावे, वय आणि घर यांची यादी करून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. अडचण असलेल्या मुलांचा रकाना वेगळा ठेवावा. अर्जात १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाचा उल्लेख करावा. तो खटला २०१७ साली निकाली निघाला आहे, मंजूर अंगणवाड्यांची संख्या संपली आहे, असे उत्तर मिळू शकते. मिळाले तर ते तोंडी ऐकून परत येऊ नये, लेखी मागावे. ग्रामसभेचा किंवा वॉर्डसभेचा ठराव जोडावा, एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीला आणि एक प्रत अनुसूचित जाती आयोगाला पाठवावी. पथक शेवटचे केव्हा आले आणि किती मुले पुढे पाठविली, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.